लग्नाआधीची गोष्ट आणि लग्नानंतरची गोष्ट

स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहाच" असा संपादिकाबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी आधी एखादी पाककृती देते म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराणा मालाच्या यादीपलीकडे लिहिण्याची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत. गुरुवारच्या वाचनात तुम्ही जो वाद घातलात, तोच लिहून द्या." म्हणून हे धाडस करीत आहे. चुकलेमाकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

वाद असा झाला. आपल्या गुरुवारच्या वाचनात गेल्या वर्षी आपण एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद वाचला. पाच बहिणी, त्यांची लग्नाची घाई झालेली आई, आणि दोन श्रीमंत तरुण, अशी ती गोष्ट. शेवटच्या पानावर दोघी बहिणींची लग्ने लागली आणि पुस्तक मिटले. तेव्हा आपल्यातल्या सर्वांत वडील आजी म्हणाल्या, "एवढ्यासाठी चार गुरुवार बसवलेत होय? लग्न लागले आणि गोष्ट संपली! आमची तर लग्न लागल्यावर सुरू झाली."

सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण संध्याकाळी भाकऱ्या थापताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आजी थट्टेत बोलल्या खऱ्या, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. तिकडची गोष्ट लग्नाशी संपते आणि आपल्याकडची लग्नापासून सुरू होते, हे असे का? मग मी आपल्या सार्वजनिक वाचनालयातून एकेक जुने पुस्तक आणवून वाचू लागले. हे वाचनालय १८४० सालचे आहे. पुण्याला जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. म्हणजे आपल्या गावात पुस्तके आधी आली आणि ती वाचू शकणाऱ्या बायका मागाहून! जे इंग्रजीत होते ते माझ्या थोरल्या मुलीने समजावून सांगितले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते.

आधी तिकडचे पाहू. ही कादंबरी जेन ऑस्टिन या बाईंनी लिहिली आणि ती १८१३ साली छापली गेली. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. वरवर पाहता त्या कादंबरीत नाचाच्या मेजवान्या, भेटीगाठी आणि रुसवेफुगवे आहेत. पण नीट वाचले तर पानोपानी हिशेब आहे. कोणाचे वार्षिक उत्पन्न किती, हे माणसाच्या नावाआधी कळते. बेनेट यांचे वर्षाला दोन हजार पौंड, डार्सी याचे दहा हजार. बेनेट यांना पाच मुली, मुलगा नाही, आणि घरजमीन अशा अटीने बांधलेली की ती फक्त पुरुष वारसालाच जावी. म्हणजे बाप डोळे मिटेल त्या दिवशी आई आणि पाच मुली दुसऱ्याच्या दारात. ती आई उतावळी आहे, तिच्या बोलण्याला आपणही हसलो. पण पाच मुली आणि डोक्यावरचे छप्पर परक्याचे, अशी बाई उतावळी होणार नाही तर काय होईल?

त्यात शार्लट नावाची एक मैत्रीण आहे. वय सत्तावीस, रूप बेताचे, हुंड्याला पैसा नाही. ती एका कंटाळवाण्या, खुशामतखोर पाद्र्याशी लग्न करते. त्याच माणसाला नायिका एलिझाबेथने आधी नकार दिलेला असतो. शार्लटला तो आवडतो असे नाही. तिला घर हवे असते. मला सबंध पुस्तकात खरी वाटली ती शार्लट. एलिझाबेथसारखा डार्सी गाठ पडणे हे नशीब, पण शार्लटचा हिशेब हे व्यवहाराचे शहाणपण. आपल्यापैकी कितीजणींच्या घरी तो हिशेब आईबापांनी आपल्यासाठी केला असेल!

आणि लग्न झाल्यावर काय? त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न लागले की बायकोचा पैसाअडका नवऱ्याचा होई. तिने कमावले तरी ते त्याचे. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मिळकत स्वतःच्या नावावर ठेवता यावी असा कायदा तिकडे १८७० साली थोडासा आणि १८८२ साली पुरता झाला. आपल्या शास्त्रात स्त्रीधन हे बाईचेच मानले आहे. ते प्रत्यक्षात तिच्या हाती किती राहिले ही गोष्ट वेगळी, पण नावाला तरी होते. गोऱ्या लोकांच्या बायका फार स्वतंत्र होत्या असे आपण समजतो. त्या फिरायला मोकळ्या होत्या, नाचायला मोकळ्या होत्या, पण नवऱ्याच्या घरात त्यांची पर्स रिकामी होती.

तरीसुद्धा एक मोठा फरक राहतोच. एलिझाबेथ वीस वर्षांची आहे. ती "नाही" म्हणू शकते, आणि पुस्तकात दोनदा म्हणते. तिकडची कादंबरी त्या एका "नाही"वर उभी आहे. हो म्हणेल की नाही म्हणेल, एवढ्यासाठीच आपण पुढचे पान उलटतो.

आता आपल्याकडे पाहू. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले. त्या अकरा वर्षांच्या, आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी वारलेले. पुढे न्यायमूर्तींची बदली आपल्या नाशकात झाली तेव्हा रमाबाई येथे राहिल्या होत्या, आणि न्यायमूर्तींचा जन्मही आपल्याच जिल्ह्यातला, निफाडचा. काशीबाई कानिटकर यांचे लग्न झाले तेव्हा त्या दहा वर्षांच्याही नव्हत्या. लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न १८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या असताना झाले. ज्या वयात मुलीला सागरगोटे सुटत नाहीत, त्या वयात तिला "हो" की "नाही" कोण विचारणार? एलिझाबेथची गोष्ट येथे घडूच शकत नव्हती. आपल्या आजी म्हणाल्या ते असे खरे होते.

म्हणूनच आपल्या पहिल्या कादंबरीकारांची मोठी पंचाईत झाली असावी. प्रेमाची गोष्ट लिहायची तर नायिका आणायची कोठून? मग त्यांनी राजकन्या आणल्या. १८६१ सालची 'मुक्तामाला' आणि १८६८ सालची 'मंजुघोषा' अशा कादंबऱ्या निघाल्या, त्यांत राजवाडे, अद्भुत प्रसंग आणि रूपवान नायिका. घरात चूल फुंकणाऱ्या मुलीची गोष्ट त्यात नव्हती.

पण त्याच्याही आधी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले होते. पुष्कळ जाणकार त्यालाच मराठीतली पहिली कादंबरी मानतात. हे पदमनजी ख्रिस्ती झालेले गृहस्थ. त्यांच्या पुस्तकात यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत तिला एकामागून एक विधवा बायका भेटतात. प्रत्येकीची कहाणी निराळी, दुःख एक. शेवटी यमुनेवरच तो प्रसंग येतो. आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवेच्या पुनर्विवाहाला सरकारी कायद्याने मान्यता मिळाली होती. त्या पुस्तकात धर्मप्रसाराचा हेतू आहे, तो लपवलेला नाही. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की मराठीतली ही पहिली कादंबरी "हिचे लग्न कोणाशी होईल?" असे विचारीत नाही. "लग्न झालेल्या मुलीचा नवरा मेला तर तिचे काय होते?" असे ती विचारते.

या प्रश्नाला खरी धार आली ती हरि नारायण आपट्यांच्या हातून. हरिभाऊंचा जन्म १८६४ साली खानदेशात पारोळ्याला झाला. त्यांनी इंग्रजी पुष्कळ वाचले होते. पहिली कादंबरी 'मधली स्थिती' त्यांनी रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाचा आधार घेऊन लिहिली. पण 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिताना त्यांनी लग्नाशी संपणारा तिकडचा साचा घेतला नाही. १८९० साली निघालेल्या आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून त्यांनी ती क्रमाक्रमाने छापली.

ही कादंबरी यमू नावाची मुलगी स्वतःच सांगते. हरिभाऊ पुरुष, पण पुस्तकभर बोलते ती यमू. माहेरची आई, सासरचा जाच, मग नवऱ्याबरोबर मुंबईला थाटलेला वेगळा संसार. तो नवरा, रघुनाथराव, तिला शिकवतो, माणसासारखे वागवतो. ते थोडे दिवस वाचताना आपल्यालाही बरे वाटते. आणि तो मरतो. मग तिला परत पुण्याच्या घरी आणतात आणि तिच्या मनाविरुद्ध, बळजबरीने तिचे केस काढतात. मी हे प्रकरण दुपारी वाचीत होते. दूध उतू गेले तरी मला कळले नाही.

त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे ठरवले. लोखंडे हे फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. भगिनींनो, याचा विचार करा. ज्या घरांत हे घडत होते त्यांतल्या शिकलेल्या पुरुषांना जे करवत नव्हते, ते हातात वस्तरा धरणाऱ्या गरीब लोकांनी करून दाखवले. हरिभाऊंनी जो प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारला, त्याला कोणी उत्तर दिले असेल तर ते यांनी.

येथे मला दुसरी एक हकीगत सांगितली पाहिजे, कारण ती कादंबरीत नव्हे, कोर्टात घडली. मुंबईच्या रखमाबाई. जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या, आणि नवऱ्याच्या घरी नांदायला गेल्या नाहीत. त्यांच्या नावे वडिलांकडची मिळकतही होती. १८८४ साली नवऱ्याने फिर्याद लावली, की बायको माझ्या ताब्यात द्या. पहिल्या न्यायाधीशाने १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो म्हणाला, की नांदायला पाठवण्याची असली फिर्याद हिंदूंच्या शास्त्रातली नव्हे, ती इंग्लंडच्या कायद्यातून आली आहे. पण अपील झाले, आणि १८८७ साली हुकूम निघाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या.

म्हणजे इंग्रज आले आणि त्यांनी आपल्या बायकांना सोडवले, एवढी सोपी ही गोष्ट नाही. त्यांच्या कादंबरीतली एलिझाबेथ "नाही" म्हणू शकत होती. त्यांच्याच कायद्याच्या जोरावर आपल्या रखमाबाईंना "नाही" म्हटल्याबद्दल तुरुंग दाखवण्यात आला. मात्र तो "नाही" उच्चारला गेला, आणि सबंध देशाने ऐकला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा केले गेले. बाराच! त्यावरही केवढे वादंग माजले. पुढे १९२९ साली सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, आणि १९७८ साली ते अठरा झाले.

आतापर्यंत पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल सांगितले. बायकांनी स्वतः लेखणी कधी धरली? तिकडेही ते सोपे नव्हतेच. जेन ऑस्टिनबाईंचे पहिले पुस्तक १८११ साली निघाले त्यावर त्यांचे नाव नव्हते, फक्त 'एका स्त्रीने लिहिलेले' असे छापले होते. १८१७ साली त्या वारल्या, तोवर त्यांच्या कोणत्याच पुस्तकावर नाव नव्हते. शार्लट ब्राँटी यांनी १८४७ साली 'जेन एअर' छापली ती पुरुषी वाटेल असे टोपणनाव घेऊन. त्या कादंबरीतली जेन अनाथ, दुसऱ्याच्या घरी शिकवणीची नोकरी करणारी. ती मालकावर प्रेम करते, पण त्याची पहिली बायको जिवंत आहे हे कळताच निघून जाते. ती परत येते तेव्हा तिला चुलत्याकडून वीस हजार पौंड मिळालेले असतात, आणि त्यातला चौथा हिस्सा स्वतःला ठेवून बाकीचे तिने आपल्या तिघा भावंडांना वाटलेले असतात. स्वतःचे पैसे हाती आल्यावरच ती बरोबरीने परतते. हे बाईनेच लिहावे!

आपल्याकडे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक आपल्या खऱ्या नावाने छापले. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि सगळी वर्तमानपत्रे बायकांनाच नावे ठेवू लागली. त्याचा संताप येऊन ताराबाईंनी लेखणी उचलली. नाटकां-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्या जातात यावरही त्यांनी सडकून लिहिले. त्या पुस्तकावर पुष्कळ टीका झाली, आणि ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक लिहिले नाही.

काशीबाई कानिटकर जन्मल्या १८६१ साली. लग्नात त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा, गोविंदराव, इंग्रजी शिकलेला, कविता करणारा. त्याला शिकलेली बायको हवी होती, पण एकत्र कुटुंबात सुनेने पुस्तक हाती धरणे म्हणजे टोमण्यांना आमंत्रण. त्यातूनही काशीबाई शिकल्या. विलायतेत नव्हे तर अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले आणि 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. ती पुस्तकरूपाने १९०३ साली निघाली. हरिभाऊ आपटे आणि हे पतिपत्नी यांचा मोठा स्नेह होता.

आणि आता आपल्या नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळक. जलालपूर हे गंगेकाठचे गाव आपल्या अगदी जवळ आहे. तेथे १८६८ साली त्या जन्मल्या. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली. त्याचा वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला, की त्यांच्या सोवळ्याला सीमा राहिली नाही आणि बाजारातला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. नवरा कवी, नारायण वामन टिळक, मोठ्या मनाचा आणि तितकाच लहरी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पाच वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही तो धर्म घेतला, पण तो स्वतःच्या मनाने विचार करून. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. तरी 'स्मृतिचित्रे' लिहिली, ती १९३४ सालापासून चार भागांत निघाली. रडण्यासारखे इतके असून त्या हसत हसत सांगतात. ती कादंबरी नव्हे, घडलेली हकीगत आहे. पण मी म्हणेन की, लग्नानंतर बाईचे काय होते आणि नवराबायकोचे नाते कशाकशातून तरून जाते, हे कोणत्याही कादंबरीने याहून चांगले सांगितलेले नाही.

एक गोष्ट राहून जाऊ नये. या सगळ्या गोष्टी कोणत्या घरांतल्या? बेनेट यांच्या घरी 'हिल' नावाची कामवाली आहे. पुस्तकभर ती हाकेला धावते, पण तिचे लग्न झाले की नाही, तिची माणसे कोठे, हे जेन ऑस्टिनबाई सांगत नाहीत. हरिभाऊंच्या कादंबरीतही घरे मध्यम स्थितीतल्या पांढरपेशांची, आणि केशवपनाचे दुःखही प्रामुख्याने वरच्या जातींतले. पुष्कळ कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. तेथल्या बायांची दुःखे वेगळी होती, पोटाची आणि अपमानाची. त्यांच्याबद्दल १८५५ सालीच पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. त्यात मांग-महार बायका उघड्यावर बाळंत होतात, असे तिने लिहिले. ही मुलगी हरिभाऊंच्या कितीतरी आधीची. आपल्या वाचनात पुढच्या वेळी तिचा निबंध घ्यावा अशी माझी सूचना आहे. आपण दुपारी वाचीत बसतो तेव्हा आपल्यापैकी काहींच्या घरी कोणीतरी भांडी घाशीत असते, आणि आपल्यापैकी काहीजणी स्वतः चार घरची भांडी घासून येथे येतात. गोष्ट दोघींचीही आहे.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला, लेखिका विभावरी शिरूरकर. हेही टोपणनावच. त्या म्हणजे पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखिका. पुस्तकाने एवढी खळबळ माजली, की ही बाई कोण याचा शोध लोक घेऊ लागले. त्यातल्या मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत, आणि लग्नाच्या राहिलेल्या आहेत. एक मुलगी बापाचा संसार चालवते, मग तिचा संसार कधी होणार? येथे पहिल्यांदा आपली गोष्ट लग्नाच्या आधी आली, एलिझाबेथच्या जागी. आणि ती आली तीही पैशाचाच हिशेब घेऊन.

हे सारे वाचून मला एवढेच उमगले, की तिकडची गोष्ट लग्नाआधीची असो की आपली लग्नानंतरची, दोन्हींच्या तळाशी एकच प्रश्न आहे. बाईच्या नावावर काय आहे? छप्पर कोणाचे? आणि तिला कोणी विचारले का?

येथे थोडे माझे स्वतःचे सांगते. माझ्या वडिलांची थोडी शेती होती. ते गेल्यावर वर्षभरात भावाचा निरोप आला, "ताई, एक सही लागेल." मी गेले. वहिनीने पुरणाचा स्वयंपाक केला होता. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसलो, नाव पुकारले, मी अंगठा टेकवला, फोटो दिला, सही केली. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला ठाऊक होते. किती गुंठे सोडले ते मी विचारले नाही, कागद वाचलाही नाही. भावाने साडी दिली, ती अजून माझ्याकडे आहे. भाऊ वाईट नाही. आजारपणात धावून आला तो तोच. १९५६ साली मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला, १९९४ साली आपल्या राज्याने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाप्रमाणे हक्क दिला, आणि २००५ साली तो देशभर सर्व मुलींना मिळाला. कायदे कागदावर होते, आणि त्याच कागदाशेजारच्या दुसऱ्या कागदावर मी सही करीत होते.

तेव्हा मला शार्लट ठाऊक नव्हती. आज वाटते, मीही तिच्यासारखाच हिशेब केला. तिने मन देऊन घर घेतले, मी जमीन देऊन माहेर राखले. तोट्याचा सौदा झाला असे मी म्हणणार नाही. दिवाळीला जायला उंबरा आहे. आज पुन्हा तीच वेळ आली तर कदाचित मी पुन्हा सही करीन. पण वाचून करीन. किती गुंठे ते विचारून करीन, आणि माझ्या मुलीला शेजारी बसवून करीन.

रखमाबाईंनी "नाही" म्हटले, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे विचार करून "हो" म्हटले. दोघींचा मला सारखाच मान वाटतो, कारण दोघींनी जे म्हटले ते स्वतः म्हटले.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, सहली निघतात. ते सारे चालू राहो. पण माझी एक विनंती आहे. महिन्यातला एक गुरुवार आपण कागदांसाठी ठेवावा. कोणाला बँकेचा कागद आला, सातबारा आला, कोर्टाची नोटीस आली, तर ती पिशवीत घालून आणावी, आणि आपल्यातली जी वाचू शकते तिने मोठ्याने वाचून सांगावी. सही करायची की नाही हे जिचे तिने ठरवावे. आपण फक्त वाचावे.

आणि आजींना माझे सांगणे, की तुमची लग्नानंतरची गोष्ट आम्हाला पुढच्या गुरुवारी सांगा. तुम्ही बोला, मी लिहून घेते. माझे अक्षर फार चांगले नाही, पण एकही शब्द गाळणार नाही.